केबलमधली अर्थ उघडी का असते, आणि सॉकेटमध्ये तिला नळी कशी घालायची

महाराष्ट्रात घराची वायरिंग म्हणजे भिंतीतल्या पीव्हीसी पाइपातून ओढलेल्या सुट्या वायरी: फेज लाल, न्यूट्रल काळी, अर्थ हिरवी, आणि तिन्हींवर सारखंच आवरण. ही सवय असलेला माणूस ब्रिटनमध्ये राहायला गेला आणि सॉकेटचे दोन स्क्रू काढून आत डोकावला, की करड्या चपट्या केबलमधून निघालेली नुसती तांब्याची तार बघून दचकतो. आधीच्या कुणीतरी आवरण सोलून टाकलंय असं वाटतं. तसं नसतं. तिथली ‘ट्विन अँड अर्थ’ केबल कारखान्यातूनच तशी येते: एका कडेला तपकिरी लाइव्ह, दुसऱ्या कडेला निळी न्यूट्रल, मधोमध उघडी अर्थ आणि तिघींवर मिळून एक पीव्हीसीचं जाकीट. हे रंग २००४ मध्ये आले आणि एप्रिल २००६ पासून नव्या कामात सक्तीचे झाले. जुन्या घरात लाल आणि काळी दिसेल, पण अर्थ तिथेही उघडीच.

वायरीवर आवरण असतं ते तिच्यातला विजेचा दाब (व्होल्टेज) नको तिथे जाऊ नये म्हणून. अर्थच्या तारेवर एरवी दाब जवळपास नसतोच आणि तिच्यातून प्रवाहही वाहत नाही. सॉकेटमागची लोखंडी पेटी, वॉशिंग मशीनचा पत्रा, यांना ती मुद्दाम जोडलेलीच असते. मग केबलच्या आत ती न्यूट्रलच्या किंवा लाइव्हच्या आवरणाला टेकून राहिली तर बिघडतं काय? लाइव्ह आणि अर्थ यांच्यामध्ये आवरण हवंच, पण ते लाइव्हवर आहे. अर्थवर आणखी एक थर चढवला तर केबल जाड होते, महाग होते, आणि सुरक्षिततेत फारशी भर पडत नाही.

उलट एक फायदाच आहे. भिंतीत मारलेल्या खिळ्याने लाइव्हचं आवरण फाटलं, तर शेजारची उघडी अर्थ त्याच खिळ्याला लागण्याची शक्यता बरीच असते. लाइव्ह अर्थला भिडली की क्षणात एमसीबी (जास्त प्रवाहाला पडणारा ब्रेकर) किंवा आरसीडी (गळती ओळखून पडणारा स्विच) पडतो आणि बिघाड लपून राहत नाही. शिवाय उघडी तार म्हणजे अर्थच, हे अंधाऱ्या पोटमाळ्यावरही ओळखता येतं.

आणखी एक गोष्ट नवख्याला खटकते: अर्थ बारीक असते. २.५ चौरस मिमीच्या केबलमध्ये अर्थ १.५ची, १.५च्या केबलमध्ये १ची, ६च्या केबलमध्ये २.५ची. फक्त १च्या केबलमध्ये तिन्ही सारख्या. ही काटकसर हिशोबातली आहे. अर्थला तासन्तास भार वाहायचा नसतो. बिघाड झाला तर ब्रेकर पडेपर्यंतचा सेकंदाचा अंश काढायचा असतो. पीव्हीसी केबलमधली १.५ची तांब्याची तार ०.१ सेकंदापुरता साधारण ५४५ अँपिअर सोसते. बी टाइपचा ३२ अँपिअरचा एमसीबी १६० अँपिअरला तत्क्षणी पडतो.

हे सगळं जाकिटाच्या आत आहे तोवरच खरं. इस्त्रीची किंवा मिक्सरची दोरी सतत वाकते, तिचे केसासारखे धागे तुटून बाहेर येतात, म्हणून तिथे अर्थवरही आवरण असतं. पाइपातून ओढायच्या वायरींमध्ये उघडी तार ओढताना शेजारणींचं आवरण खरवडते, म्हणून आपल्याकडची हिरवी वायर. आणि सॉकेटच्या पेटीत जाकीट संपलं की तोच नियम लागू होतो: सहा इंच नागडी तार लाइव्हच्या स्क्रूपासून बोटभर अंतरावर मोकळी राहता कामा नये. ब्रिटनचं वायरिंग मानक बीएस ७६७१ जाकिटाबाहेरच्या अशा अर्थवर हिरवी-पिवळी नळी मागतं ती यासाठीच.

इंग्लंडमध्ये जुन्या सॉकेटच्या जागी नवं बसवणं घरमालकाला करता येतं. नवं सर्किट किंवा मुख्य बोर्ड बदलायचा असेल तर ते काम कौन्सिलला कळवावं लागतं किंवा नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावं लागतं. सॉकेटसाठी हे जवळ ठेवा: ३ मिमीची हिरवी-पिवळी नळी, कटर, पक्कड, वायर सोलायचा स्ट्रिपर, पेटीच्या भोकात बसणारं रबरी ग्रोमेट आणि दोन टोकांचा व्होल्टेज टेस्टर. खिशातल्या पेनासारख्या निऑन टेस्टरवर इथे भरवसा ठेवू नका.

सर्किटचा एमसीबी बंद करा आणि दुसरं कुणी चालू करणार नाही अशी सोय करा. टेस्टर आधी चालू सॉकेटवर तपासा, मग कामाच्या जागी लाइव्ह-न्यूट्रल, लाइव्ह-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ असं तिन्ही बघा, नंतर पुन्हा चालू सॉकेटवर. मधल्या मधे टेस्टर मेला तर हे तिसरं तपासणंच सांगतं.

केबल नवी असेल तर सोलताना उघडी अर्थच कामाला येते. टोकाशी कटरने जाकिटाच्या मधोमध, म्हणजे बरोबर अर्थच्या वर, एक बारीक चीर द्या. आत अर्थचं टोक दिसेल; ते पक्कडीत धरा, दुसऱ्या हाताने केबल धरा आणि तार मागे ओढा. जाकीट चेनसारखं उसवत जातं आणि लाइव्ह-न्यूट्रलच्या आवरणाला पातं लागतच नाही. पक्कडीने दाबला गेलेला तारेचा तुकडा मात्र छाटून टाका. तिथे खाच पडलेली असते, आणि १ किंवा १.५ची एकेरी तार खाचेशी दोनदा वाकवली की तुटते.

जाकीट ग्रोमेटमधून पेटीत साधारण १० मिमी आत यायला हवं. पुढे वायरी १२० मिमीच्या आसपास ठेवा. आखूड ठेवलेल्या वायरी सॉकेट मागे ढकलताना टर्मिनलमधून निसटतात. नळी जाकिटाच्या तोंडापासून टर्मिनलपर्यंत घ्या, टोकाला तांबं फक्त ८ ते १० मिमी दिसू द्या. ब्रिटनमध्ये सॉकेट बहुधा रिंगवर (बोर्डापासून निघून बोर्डालाच परत येणाऱ्या सर्किटवर) असतात, म्हणून पेटीत दोन केबली येतील. दोन्ही अर्थ पिळून एकाच नळीत कोंबू नका. प्रत्येकीला स्वतंत्र नळी घाला, म्हणजे पुढे रिंग तपासायला त्या सुट्या करता येतात. सॉकेटच्या अर्थ टर्मिनलपासून लोखंडी पेटीच्या टर्मिनललाही एक हिरवी-पिवळी वायर द्या. घडी घालताना अर्थ सर्वांत मागे आणि लाइव्हच्या टर्मिनलपासून दूर बसवा, आणि स्क्रू आवळल्यावर प्रत्येक वायर ओढून बघा.

अर्थची सलगता मीटरने मोजता येते. २.५/१.५च्या केबलमध्ये लाइव्ह आणि अर्थ यांचा रोध मिळून दर मीटर लांबीला १९.५१ मिलिओहम भरतो, म्हणजे रिंग न करता एकेरी गेलेल्या २० मीटरला सुमारे ०.३९ ओहम. आकडा बराच जास्त आला तर कुठेतरी स्क्रू सैल आहे. नवीन केबल टाकली असेल तर ५०० व्होल्ट डीसीवर आवरणाचा रोध किमान १ मेगाओहम हवा. त्या आधी सर्व उपकरणं काढून ठेवा.

नळी विसरली तर लाइव्हला लागून ब्रेकर पडेल, ते निदान कळतं. न्यूट्रलच्या खरचटलेल्या वायरीला उघडी अर्थ टेकली तर प्रकरण चकवतं. त्या सर्किटचा एमसीबी बंद असला तरी न्यूट्रल तुटत नाही, त्यामुळे शेजारच्या सर्किटवर किटली लावली की आरसीडी पडतो आणि दोष किटलीला दिला जातो. अशा वेळी हल्ली उघडलेली पेटी आधी बघा.

अमेरिकेतल्या घरांतली केबलही अशीच: पांढऱ्या किंवा पिवळ्या जाकिटात काळी, पांढरी आणि उघडी तार. पांढरं जाकीट १४ गेज, पिवळं १२ गेज. तिथे उघडी तार नळीशिवाय हिरव्या स्क्रूला जोडायची मुभा आहे, म्हणून ती पेटीत मागे नीट दुमडणं जास्तच महत्त्वाचं. स्मार्ट स्विचला न्यूट्रल लागतो आणि पेटीत तो नसतो, तेव्हा काही जण हीच उघडी तार न्यूट्रल म्हणून वापरतात. दिवा लागतो, स्विचही चालतो. पण मागे कुठे ती तार सुटली, की त्या सर्किटवरच्या प्रत्येक पत्र्यावर १२० व्होल्ट उतरतात आणि ब्रेकर पडत नाही. पेटीत न्यूट्रल नसेल तर न्यूट्रलशिवाय चालणारा स्विच घ्या, नाहीतर नवी केबल ओढून घ्या.