घरी पाळणाघर चालवताय? जेवणाचे पैसे मागा

अमेरिकेत घरी परवानाधारक डे-केअर चालवणाऱ्या मैत्रिणींनो, मुलांना तुम्ही वाढता त्या जेवणाचे पैसे सरकारकडून मिळतात. योजनेचं नाव सीएसीएफपी, म्हणजे चाइल्ड अँड अॅडल्ट केअर फूड प्रोग्रॅम. अर्ज थेट सरकारकडे नाही, तुमच्या भागातल्या स्पॉन्सर, म्हणजे तुमच्या आणि सरकारच्या मधल्या संस्थेमार्फत करायचा. प्रत्येक मुलामागे दिवसाला दोन जेवणं आणि एक खाऊ, किंवा एक जेवण आणि दोन खाऊ, एवढंच धरतात. नाश्ताही जेवणातच मोजतात.

आपलं वरण चालतं बरं का! डाळ मांसाऐवजी धरली जाते. गव्हाची पोळी, भाजी, फळ आणि दूध ठेवलं की दुपारचं ताट पूर्ण. दूध मात्र साधंच, साखर घातलेलं नको.

कोणाला काय वाढलं याची नोंद त्याच दिवशी करा, मुलं झोपली की लगेच. स्पॉन्सर संस्थेची माणसं तपासणीला न कळवताही येतात.