दुसरी नोकरी आणि रुजू होतानाचा एक कागद: निवृत्त जवानांसाठी

लष्करातून निवृत्त होऊन नागपूर परिसरात स्थिरावणाऱ्या जवानांना डिस्चार्ज बुक (सेवा आणि सेवामुक्तीची नोंद असलेली पुस्तिका), पेन्शनचा आदेश आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे ओळखपत्र यांचे महत्त्व सांगण्याची गरज नसते, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही. केंद्र सरकारच्या गट क पदांत १० टक्के, सरकारी बँकांत त्याच गटात अपंग माजी सैनिक आणि हुतात्म्यांचे आश्रित धरून १४.५ टक्के, तर महाराष्ट्र शासनाच्या गट क भरतीत १५ टक्के जागा आपल्यासाठी राखीव असतात, हेही युनिटमध्ये असतानाच पाठ झालेले असते. मात्र हे आरक्षण वापरून एकदा सरकारी मुलकी नोकरीत रुजू झाले की पुढच्या आरक्षणापुरता आपला माजी सैनिक हा दर्जा संपतो, ही गोष्ट फार थोड्यांना वेळेवर कळते.

या नियमाला एक सवलत आहे आणि सगळी गंमत तिथेच आहे. केंद्राच्या कार्मिक विभागाने १४ ऑगस्ट २०१४ रोजी काढलेल्या आदेशानुसार, पहिल्या मुलकी नोकरीत रुजू होण्यापूर्वी ज्या ज्या पदांसाठी अर्ज केले असतील, त्या सर्व पदांसाठी माजी सैनिकाचा हक्क नंतरही कायम राहतो. अट एवढीच की, रुजू होताच त्या सर्व अर्जांचा तारीखवार तपशील देणारे स्वयंघोषणापत्र नव्या कार्यालयाला द्यावे लागते. हा कागद दिला नाही किंवा उशिरा दिला, तर आधी केलेले अर्ज असून नसल्यासारखे होतात.

मी लष्कराला शिधा पुरवणाऱ्या आर्मी सर्व्हिस कोरमध्ये स्टोअरकीपर टेक्निकल, म्हणजे साठा सांभाळण्याच्या ट्रेडमध्ये (कामाच्या प्रकारात) होतो. निवृत्तीच्या सुमारास मी बँक, रेल्वे आणि केंद्राचे एक कार्यालय अशा तिन्ही ठिकाणी अर्ज केले होते आणि सर्वांत आधी बोलावणे आले ते कार्यालयाचे. रुजू होताना घोषणापत्राचा विषय मी स्वतःहून काढला, तेव्हा आस्थापना शाखेतील लिपिकाने, ‘आधी वैद्यकीय आणि पोलीस पडताळणी होऊ द्या, मग बघू’ असे सांगितले. पुढे बँकेचा निकाल लागला, माझे नाव यादीत आले, आणि कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर अधिकाऱ्याने सेवापुस्तकाच्या नोंदीशेजारी माझे घोषणापत्र ठेवून दोन्ही तारखांखाली पेन्सिलीने रेघ ओढली. रुजू झाल्याची तारीख आणि घोषणापत्रावरील आवक शिक्क्याची तारीख यांत काही महिन्यांचे अंतर होते. अर्ज आधीचा होता हे त्यांनाही मान्य होते, पण ‘रुजू होताच’ या अटीत ते अंतर बसत नव्हते. जागा गेली. पगाराचा फरक मी आता मोजत नाही, तरी बँकेच्या जाहिरातीत माजी सैनिकांची टीप दिसली की ती मी आजही अखेरच्या ओळीपर्यंत वाचतो.

म्हणून नियुक्तिपत्र हातात पडण्याची वाट न पाहता घोषणापत्राचा मसुदा तयार ठेवावा. त्यात प्रत्येक अर्जाचा जाहिरात क्रमांक, पदाचे नाव, भरती करणारी संस्था, अर्ज क्रमांक आणि अर्ज केल्याची तारीख असावी, आणि सोबत ऑनलाइन अर्जाची छापील प्रत जोडावी. सेवेचे शेवटचे वर्ष चालू असताना ना हरकत प्रमाणपत्र घेऊन केलेले अर्जही यात धरावेत. तेच नेमके विसरले जातात, कारण ते युनिटच्या कार्यालयातून कोणीतरी भरून दिलेले असतात आणि त्यांचा क्रमांक आपल्याजवळ नसतो. घोषणापत्राच्या दोन प्रती न्याव्यात, एक आवक शाखेत द्यावी आणि दुसरीवर तारखेचा शिक्का व सही घेतल्याशिवाय तिथून हलू नये. कोणी ‘नंतर द्या’ म्हणालेच, तर वाद घालू नये; त्याच दिवशी सिव्हिल लाइन्सच्या मुख्य टपाल कार्यालयात जाऊन कार्यालय प्रमुखांच्या नावे स्पीड पोस्ट करावे आणि पावती जपून ठेवावी. तोंडी सांगितलेल्या गोष्टीला मुलकी कार्यालयात किंमत नसते. फौजेत सुभेदार साहेबांनी ‘हो’ म्हटले की काम झालेले असते. ती सवय इथे सोडावी लागते.

यामुळे घाबरून पहिली नोकरी नाकारण्याचे मात्र काहीच कारण नाही. खासगी कंपनीत, किंवा कंत्राटी अथवा हंगामी स्वरूपात केलेल्या कामामुळे हा दर्जा जात नाही, त्यामुळे निकाल लागेपर्यंत नागपूरच्या मिहान प्रकल्पातील एखाद्या गोदामात काम करण्यास हरकत नाही. दर्जा संपल्यानंतरही वरच्या पदासाठी वयाची सवलत मिळते. राज्याच्या भरतीला राज्याचे नियम असतात, तेव्हा तिथे केंद्राचा आदेश दाखवत बसू नये आणि जाहिरातीतील समांतर आरक्षणाचा (प्रत्येक प्रवर्गाच्या आत माजी सैनिकांसारख्या गटांसाठी ठेवलेल्या जागांचा) परिच्छेद नीट वाचावा.

लष्करी कॅन्टीनच्या रांगेत मिळणाऱ्या सल्ल्याविषयी माझे मत फारसे चांगले नाही. सल्ला देणारे ज्येष्ठ मनाने चांगले असतात, परंतु ते आपल्या निवृत्तीच्या वेळचे नियम सांगतात. माजी सैनिकांच्या जागा ‘हमखास’ मिळवून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या एजंटाला तर दारातही उभे करू नये. मला खरी मदत झाली ती नुकत्याच रुजू झालेल्या एका कनिष्ठ सहकाऱ्याची, कारण त्याची फाईल अजून ताजी होती. मार्गदर्शक शोधायचाच असेल, तर गेल्या वर्ष-दोन वर्षांत पडताळणीच्या टेबलावरून गेलेला माणूस शोधावा. त्याचा हुद्दा आपल्यापेक्षा कमी असला तरी बिघडत नाही.

मुलाखतीत आपली सेवा सांगताना बहुतेक जण हुद्दा, पलटण आणि पदके सांगून थांबतात, आणि समोरच्याला त्यातून कामाचा अंदाज येत नाही. मी माझ्या माहितीपत्रकात ‘दीर्घकाळ देशसेवा’ ही ओळ काढून तिच्या जागी असे लिहिले: नाशवंत आणि कोरड्या शिध्याची आवक-जावक, मुदत संपणाऱ्या मालाचे आधी वाटप, साठ्याची प्रत्यक्ष मोजणी व नोंदवहीशी ताळमेळ, आणि तुटीचा खुलासा. गोदामाचा व्यवस्थापक ही ओळ वाचूनच प्रश्न विचारू लागला. दहावी उत्तीर्ण आणि १५ वर्षे सेवा झालेल्या माजी सैनिकाला, तांत्रिक किंवा व्यावसायिक अनुभवाची अट नसलेल्या केंद्राच्या अनेक गट क पदांसाठी पदवीधराप्रमाणे अर्ज करता येतो. तसे प्रमाणपत्र जवळ असल्यास माहितीपत्रकात त्याचा उल्लेख वरच करावा, शेवटी नको.

मात्र काय सांगू नये, हेही तितकेच पक्के असावे. कोणत्या ठाण्यावर किती माणसांचा शिधा जात होता, हा आकडा मुलाखतीत प्रभाव पाडतो, पण तो सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही, कारण शासकीय गुपिते कायदा, १९२३ निवृत्तीनंतरही लागू असतो. ‘मोठ्या तुकडीचा शिधा’ एवढे सांगून कामाची पद्धत वर्णन करावी. डिस्चार्ज बुकच्या पानांचे फोटो व्हॉट्सअॅपच्या गटांत टाकून ‘माझे कुठे जमेल’ असे विचारण्याची जी पद्धत पडली आहे, ती तर ताबडतोब बंद करावी. त्या पानांवर आपला सैन्य क्रमांक आणि कुटुंबाचा तपशील असतो. कोणाला सल्ल्यासाठी काही पाठवायचेच असेल, तर फक्त ट्रेड, सेवेची वर्षे, शिक्षण आणि निवृत्तीची तारीख लिहून पाठवावी. कोणत्या पदाला आपण पात्र आहोत हे ठरवायला एवढी माहिती पुरते.