गोष्टीतला खोटारडा कसा लिहायचा

नवीन लिहिणाऱ्यांच्या कथेत कोणी खोटं बोलायला लागला की लगेच अडखळतो, घाम पुसतो, नजर चुकवतो. हे सगळं आधी काढून टाका, असा माणूस शेजारच्याला फसवू शकत नाही तर वाचकाला काय फसवणार.

सुरुवातीला खरं काय घडलं ते वेळेसकट वेगळ्या कागदावर लिहून ठेवा, नाहीतर मधेच तुम्हीच गडबडता. मग पात्राच्या तोंडी शक्यतो खोटं वाक्य घालूच नका, खरीच वाक्यं द्या आणि त्यातलं एक गाळा. अगाथा ख्रिस्तीची १९२६ ची रॉजर अ‍ॅक्रॉइडच्या खुनाची कादंबरी यासाठी वाचाच (वाचली नसेल तर हा पॅरा सोडा, शेवट फुटणारे). निवेदक डॉक्टर सांगतो की पत्र आत आलं ८:४० ला, मी निघालो ८:५० ला, आणि काही करायचं राहिलं नाही ना म्हणून दारात थांबून मागे वळून पाहिलं. सगळं खरंय! मधल्या दहा मिनिटांत काय झालं तेवढंच सांगत नाही, आणि खून तेव्हाच झालाय. फसवलं म्हणून काही वाचक चिडले होते, पण परत वाचलं की त्या जागी बोट ठेवायला खोटं वाक्य मिळत नाही.

दुसरं म्हणजे पत. अश्वत्थामा मेला असं भीम ओरडून सांगतो तरी द्रोणांना पटत नाही, ते युधिष्ठिरालाच विचारतात, कारण तो खोटं बोलत नाही हे सगळ्यांना माहितीये. म्हणून तुमच्या पात्राला आधी दोन-तीनदा स्वतःला महागात पडणारं खरं बोलू द्या, मोठी थाप त्यानंतर.

आणि दरवेळी शिक्षा चुकवायला खोटं बोलतात असं धरून चालू नका, ते फार शाळकरी वाटतं. जपानी लेखक अकुतागावाच्या १९२२ च्या जंगलातल्या खुनाच्या कथेत दरोडेखोर म्हणतो मी मारलं, बायको म्हणते मी मारलं, आणि मेलेला नवरा मांत्रिक बाईच्या तोंडून सांगतो की मीच स्वतःला संपवलं. सुटायचं कोणालाच नाहीये, प्रत्येकाला आपण कसे दिसतो याचीच काळजी.

लिहून झालं की कोणालातरी वाचायला द्या आणि फक्त एवढंच विचारा की संशय कुठे आला. पहिल्याच पानावर आला असेल तर तिथला इशारा खोडा, शेवटपर्यंत आलाच नाही तर मधे एक टाका, पण तोही खऱ्या वाक्यातच.