डफी स्क्वेअरची रांग: ब्रॉडवेचे त्याच दिवशीचे सवलतीचे तिकीट कसे काढावे

न्यूयॉर्क किंवा न्यू जर्सीला मुलांकडे आलेल्या मराठी आईवडिलांना नाटकाची आवड असेल, तर ब्रॉडवेवर निदान एक तरी नाटक पाहावे असे त्यांच्या मनात असतेच. परंतु चांगल्या जागेच्या तिकिटाला शंभर-दीडशे डॉलर सहज पडतात हे कळले आणि मनातल्या मनात त्याचे रुपये करून झाले, की ‘पुढच्या खेपेला बघू’ असे म्हणून तो विषय बाजूला ठेवला जातो. माझ्या ओळखीच्या अनेक घरांत हेच झाले आहे आणि दर वेळी मला हळहळ वाटली आहे, कारण याच शहराच्या मध्यभागी गेली पन्नासहून अधिक वर्षे अशी एक तिकीटखिडकी चालू आहे, जिथे त्याच दिवशीच्या प्रयोगाची तिकिटे साधारणपणे वीस ते पन्नास टक्के सवलतीने मिळतात. तिचे नाव टीकेटीएस. त्या खिडकीपुढे उभे राहण्याची रीत नीट समजून घेतली, तर पैसे वाचतातच, शिवाय नाटकही आपल्या आवडीचे मिळते.

ही खिडकी थिएटर डेव्हलपमेंट फंड, म्हणजे टीडीएफ, ही ना-नफा तत्त्वावर चालणारी संस्था चालवते. १९७३च्या जून महिन्यात लोखंडी नळ्या आणि कॅनव्हास यांच्या तात्पुरत्या उभारणीत ती सुरू झाली. आज दिसणारी, लाल काचेच्या पायऱ्यांची वास्तू २००८ साली खुली झाली. यामागचा हिशेब नाटकाच्या माणसाला लगेच पटेल: पडदा वर गेला की रिकाम्या खुर्चीचे मोल शून्य होते, म्हणून न विकल्या गेलेल्या जागा निर्माते त्या दिवशी सवलतीत सोडतात. प्रत्येक तिकिटामागे काही डॉलरचे सेवाशुल्क घेतले जाते आणि ते टीडीएफच्या नाट्यविषयक कामाला जाते. ज्या नाटकांचे प्रयोग रोज हाऊसफुल्ल जातात, ती येथे क्वचितच येतात, हेही याच हिशेबातून लक्षात येते. एखादे अतिशय गाजणारे संगीत नाटकच पाहायचे असेल, तर या रांगेत दिवस घालवू नये. त्याचे तिकीट आधीच काढून ठेवावे.

खिडकी शोधताना नवखी माणसे हमखास चुकतात. टाइम्स स्क्वेअरच्या उत्तर टोकाला, ब्रॉडवे आणि सातवा ॲव्हेन्यू यांच्या बेचक्यात डफी स्क्वेअर नावाचा लहानसा चौक आहे. दक्षिणेकडून आले, की फादर डफी यांचा पुतळा आणि त्यामागे पर्यटकांनी भरलेल्या लाल पायऱ्या दिसतात, पण खिडक्या कुठेच दिसत नाहीत. त्या पायऱ्यांच्या पोटात, मागच्या बाजूला, ४७व्या रस्त्याकडे तोंड करून आहेत. म्हणून पायऱ्यांना वळसा घालून मागे जावे. न्यू जर्सीहून बसने येणाऱ्यांना ४२व्या रस्त्यावरच्या पोर्ट अथॉरिटी स्थानकापासून हे अंतर थोडेच आहे. रेल्वेने पेन स्टेशनला उतरणाऱ्यांनी मात्र सुमारे पंधरा मिनिटांची चाल धरावी किंवा वयस्कर माणसे बरोबर असतील तर सबवे घ्यावी. वाटेत रंगीबेरंगी पोशाखातली माणसे फोटोसाठी बोलावतात आणि मग पैसे मागतात, तर काही जण हातात कागद घेऊन विनोदी कार्यक्रमांची तिकिटे गळ्यात मारू पाहतात. त्यांच्याशी बोलत थांबू नये. टीकेटीएसचे तिकीट केवळ खिडकीवरच मिळते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जी मराठी प्रेक्षकाला विशेष उपयोगी आहे. येथे सर्वांसाठी एकच रांग नसते. गद्य नाटकांसाठी वेगळी खिडकी आहे, तिला ‘प्ले एक्स्प्रेस’ म्हणतात. टाइम्स स्क्वेअरमध्ये आलेल्या बहुतेक पर्यटकांना गाण्या-नाचाचे भव्य संगीत नाटक हवे असते, त्यामुळे मोठ्या रांगेत माणसे तिष्ठत उभी असतात, तेव्हा गद्य नाटकांच्या खिडकीपुढे बरेचदा मोजकीच माणसे दिसतात. आपण मराठी माणसे मुळात शब्दांच्या नाटकावर वाढलेली आहोत. तीन भिंतींचा दिवाणखाना, चार पात्रे आणि नेमके संवाद एवढ्यावर आपण दोन अंक खिळून बसतो. तेव्हा ब्रॉडवे म्हणजे संगीत नाटकच, हा समज बाजूला ठेवून गद्य नाटकाचा विचार अवश्य करावा, असे मला अगदी मनापासून सांगावेसे वाटते. कसदार अभिनय हाताच्या अंतरावरून पाहायला मिळतो आणि उभे राहण्याचा त्रासही फारसा होत नाही.

इंग्रजी संवाद वेगात बोलले जातील आणि उच्चार कळणार नाहीत, अशी शंका आईवडील हमखास काढतात. त्यावर एक चांगला उपाय आहे. अनेक ब्रॉडवे थिएटरांत गालाप्रो नावाच्या मोबाइल ॲपवर चालू प्रयोगाचे संवाद अक्षरांत वाचता येतात. काळ्या पडद्यावर मंद अक्षरे दिसत असल्याने शेजाऱ्यांना त्रास होत नाही. हे ॲप घरीच उतरवून ठेवावे आणि आपल्या नाटकासाठी ती सोय आहे का, हे आधीच पाहून घ्यावे.

घरून निघण्यापूर्वी टीकेटीएसचे ॲप किंवा संकेतस्थळ उघडावे. त्या वेळी खिडकीवर कोणती नाटके उपलब्ध आहेत आणि किती टक्के सवलत आहे, हे त्यावर दिसते. खिडकीच्या वेळाही तेथेच पाहाव्यात, कारण त्या वारानुसार वेगळ्या असतात: ढोबळमानाने दुपारचे प्रयोग असतात त्या बहुतेक दिवशी खिडकी सकाळी अकराला आणि इतर दिवशी दुपारी तीनला उघडते. दुपारचे प्रयोग मुख्यतः बुधवारी, शनिवारी आणि रविवारी असतात. सोमवारी बरीच थिएटरे बंद असल्याने निवड कमी असते. यादी पाहून घरातल्या सर्वांनी मिळून तीन नाटके पसंतीच्या क्रमाने ठरवावीत आणि प्रत्येकाचे कथानक चार ओळींत वाचून ठेवावे. तीनच का, याचे कारण मला स्वतःच्या चुकीतून कळले. पहिल्या वर्षी मी एकच नाटक मनात धरून सव्वा तास उभी होते. माझ्यापुढे चार माणसे उरली असताना त्या नाटकाचे नाव उपलब्ध नाटकांच्या फलकावरून गेले. दुसरे काही ठरवलेले नसल्याने मी घाईत भलतेच तिकीट काढले आणि बरोबरच्या कोणालाच तो प्रयोग आवडला नाही. फलकावरची नावे सतत बदलत असतात. जसे एखादे नाव जाते, तसे नवे येतेही, कारण प्रयोगाची वेळ जवळ येईल तशा थिएटरे आणखी जागा सोडतात.

केव्हा जाऊन उभे राहावे, हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला आहे. खिडकी उघडण्याच्या आधीच मोठी रांग लागलेली असते आणि पहिला तास सर्वांत गर्दीचा असतो. दुपारचा प्रयोग पाहायचा असेल तर मात्र त्याला पर्याय नाही, लवकरच यावे लागते. संध्याकाळच्या प्रयोगासाठी माझी पद्धत अशी आहे, की तीनला उघडणाऱ्या दिवशी मी साडेचार-पाचच्या सुमारास जाते. तोवर पहिली गर्दी ओसरलेली असते आणि प्रयोगाआधी जेवायलाही वेळ मिळतो. अगदी शेवटच्या तासात कधी कधी फार चांगल्या जागा हाती लागतात हे खरे, पण निवड आक्रसलेली असते, म्हणून एकट्यानेच जायचे असेल तरच तो धोका पत्करावा. नाताळच्या आठवड्यात रांगा लांब आणि सवलती आखडत्या असतात. जानेवारी-फेब्रुवारीत थिएटरांना प्रेक्षक कमी पडतात, त्यामुळे थंडी सोसायची तयारी असेल, तर या रांगेचा खरा हंगाम तोच.

ती थंडी मात्र हलक्यात घेऊ नये. चौक मोकळा आहे, दोन्ही रस्त्यांकडून वारा येतो, आणि सिमेंटवर उभे राहून गारवा तळपायांतून वर चढतो. जाड तळाचे बूट, लोकरीचे मोजे, कानटोपी आणि थर्मासमध्ये चहा एवढे बरोबर असावे. उन्हाळ्यात पाणी आणि टोपी घ्यावी. सर्वांनी उभे राहण्याची गरज नसते. एकाने नंबर लावावा आणि वडीलधाऱ्यांना चौकातल्या खुर्च्यांवर किंवा जवळच्या कॉफीच्या दुकानात बसवावे. स्वच्छतागृह जवळपास सहज सापडत नाही. पाच-सहा चौक दक्षिणेला ब्रायंट पार्कमध्ये चांगले सार्वजनिक स्वच्छतागृह आहे; रांगेत शिरण्यापूर्वी तेथे जाऊन यावे. रांगेत टीडीएफची माणसे फिरत असतात आणि कोणते नाटक कशाविषयी आहे, मुलांना चालेल का, मध्यंतर आहे का, हे ती आस्थेने सांगतात. त्यांना संकोच न करता विचारावे. ती माणसे स्वतः नाटके पाहणारी असतात आणि त्यांच्या एका वाक्यावरून मी दोनदा बेत बदलला आहे, दोन्ही वेळा चांगल्यासाठी.

खिडकीपाशी काय बोलायचे, हे आधीच ठरवून ठेवावे. आपल्याकडे शिवाजी मंदिरला खिडकीवर प्लॅन पाहून ‘ही आणि ही द्या’ असे बोट ठेवायची सवय असते. येथे समोर प्लॅन येत नाही. आपण तोंडी सांगायचे आणि विक्रेत्याने उपलब्ध जागा सांगायच्या. म्हणून नेमके विचारावे लागते. खालच्या मजल्याला ऑर्केस्ट्रा म्हणतात आणि वरच्याला मेझनिन. काही थिएटरांत त्याहून वर बाल्कनीही असते. ब्रॉडवेची बरीच थिएटरे शंभर वर्षांच्या आसपासची आहेत. त्यांच्यापैकी अनेकांत वर जायला लिफ्ट नाही, आणि दोन रांगांमध्ये पाय ठेवायला जागाही बेताचीच असते. गेल्या जानेवारीत आई-बाबांना घेऊन मी गद्य नाटकांच्या खिडकीपुढे उभी होते. काचेपलीकडच्या बाईंनी मेझनिनच्या दुसऱ्या रांगेत मधोमध तीन जागा असल्याचे सांगितले. ऐकायला ते फार छान वाटले, पण आईच्या गुडघ्यांकडे पाहून मी विचारले, ‘किती पायऱ्या चढाव्या लागतील?’ त्यांनी मान तिरकी करून क्षणभर आठवले आणि म्हणाल्या, ‘दोन जिने, आणि आत गेल्यावर पुन्हा उताराच्या पायऱ्या.’ मग त्यांनीच ऑर्केस्ट्राच्या उजव्या कडेच्या, आतल्या वाटेला लागून असलेल्या तीन जागा काढून दिल्या. रंगमंचाचा त्याच बाजूचा कोपरा थोडा झाकला जाईल, हेही त्यांनी आपणहून सांगितले. बाबांनी मागून हळूच म्हटले, ‘कोपरा जाऊ दे, हिला बसता आले पाहिजे.’ प्रयोगात तो कोपरा आम्हाला एकदाही आठवला नाही.

तेव्हा खिडकीवर चार गोष्टी विचाराव्यात: जागा कोणत्या मजल्यावर आहे, सर्व जागा शेजारी-शेजारी आहेत का, दृश्य कोठे अडते का, आणि सर्व शुल्कांसह एकूण किंमत किती. चारपेक्षा जास्त माणसे असतील, तर दोन-दोन वेगळे बसण्याची तयारी ठेवावी. रोख आणि क्रेडिट कार्ड दोन्ही चालतात. तिकीट एकदा घेतले की ते परत होत नाही आणि बदलूनही मिळत नाही, म्हणून खिडकी सोडण्यापूर्वी नाटकाचे नाव, तारीख, वेळ आणि थिएटरचा पत्ता तेथेच वाचून घ्यावा. बहुतेक ब्रॉडवे थिएटरे तेथून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. प्रयोगाच्या अर्धा तास आधी दारात असावे, कारण पिशव्या तपासल्या जातात, आणि पडदा वर गेल्यावर पोहोचणाऱ्याला योग्य क्षण येईपर्यंत बाहेर थांबवतात. मोठी बॅग बरोबर आणू नये.

तिकिटासाठीचे आणखी दोन मार्ग थोडक्यात सांगते. काही थिएटरे सकाळी स्वतःच्या खिडकीवर त्या दिवसाची मोजकी स्वस्त तिकिटे विकतात, त्याला ‘रश’ म्हणतात; १९९६ साली ‘रेंट’ या संगीत नाटकाने पुढच्या दोन रांगा वीस डॉलरला देऊ केल्यावर तरुण मंडळी रात्रभर फुटपाथवर मुक्काम करू लागली, आणि पुढे त्याची सोडत काढावी लागली. काही ठिकाणी हाऊसफुल्ल झाल्यावर उभे राहून पाहायची तिकिटे निघतात, ती तरुण पायांसाठी ठीक. लंडनला असणाऱ्यांसाठी लेस्टर स्क्वेअरमध्ये १९८० पासून अशीच खिडकी आहे. ती तेथील थिएटरांची संघटना चालवते. तेथे खालच्या मजल्याला ऑर्केस्ट्रा म्हणत नाहीत, ‘स्टॉल्स’ म्हणतात, एवढे लक्षात ठेवावे.

शेवटी, प्रयोग संपल्यावर तिकिटाचा कागद टाकून देऊ नये. टाइम्स स्क्वेअरच्या खिडकीवर घेतलेले तिकीट सात दिवसांच्या आत पुन्हा नेले, तर रांगेत उभे न राहता थेट एक क्रमांकाच्या खिडकीवर जाता येते. आईने तो कागद आपल्या पाकिटात, परतीच्या विमान तिकिटाच्या शेजारी जपून ठेवला होता. पाचव्या दिवशी सकाळी चहा घेताना तिने तो बाहेर काढून टेबलावर ठेवला आणि बाबांना विचारले, ‘आज कोणते पाहायचे?’