सरपण कोरडे कसे ठेवावे: जागा, थप्पी आणि आच्छादन

लाकडे अंगणात येऊन पडली की पहिली धावपळ होते ती ती झाकण्याची. ढिगावर ताडपत्री पसरली जाते, तिच्या कडा चारही बाजूंनी जमिनीपर्यंत ओढून दगडांखाली दाबल्या जातात आणि आता पावसाची चिंता मिटली असे वाटते. काही महिन्यांनी ताडपत्री उचलल्यावर मात्र खालची लाकडे काळपट पडलेली, बुरशी धरलेली आणि हाताला गार लागणारी निघतात. पावसाचा थेंबही आत गेलेला नसताना असे घडते. लाकडापर्यंत पाणी तीन वाटांनी पोहोचते. काही पाणी त्याच्या अंगातच असते, काही जमिनीतून वर चढते आणि काही पावसाचे वरून येते. या तिन्हींत पाऊस सर्वांत कमी त्रासाचा आहे आणि आच्छादनाचा उपयोग फक्त त्याच्यापुरता आहे. उरलेल्या दोन वाटांच्या पाण्यावर खरा उपाय म्हणजे खेळता वारा, म्हणून सरपण साठवताना वाऱ्याची सोय आधी करावी आणि आच्छादनाचा विचार त्यानंतर करावा.

नुकत्याच तोडलेल्या झाडाच्या लाकडात पुष्कळदा निम्मे वजन पाण्याचे असते. असा तीन किलोचा एक तुकडा घेतला तर त्यात दीड किलो लाकूड आणि दीड किलो पाणी असते. तो जळण्याजोगा होईपर्यंत, म्हणजे त्यातील पाणी एकूण वजनाच्या 20 टक्क्यांवर येईपर्यंत, त्याचे वजन 1.9 किलोच्या आसपास उतरावे लागते. तेवढ्या एका तुकड्यातून 1.1 लिटरच्या जवळपास पाणी हवेत जायचे असते. संपूर्ण थप्पीचा हिशेब केला तर गच्च झाकलेल्या ताडपत्रीखाली ओल कोठून येते, हे लगेच लक्षात येते. ओले लाकूड पेटवले तर एक किलो पाण्याची वाफ करण्यासाठी सुमारे 2.26 मेगाज्यूल उष्णता खर्च होते, पण याहून मोठे नुकसान असे की जाळाचे तापमान खाली राहते, लाकडातील वायू पुरते जळत नाहीत आणि ते धूर व डांबरासारखा चिकट थर होऊन धुराड्यात साचतात. हा थर पुढे पेट घेऊ शकतो, त्यामुळे कोरड्या सरपणाचा प्रश्न सुरक्षिततेचाही आहे.

हवा दमट असली की वाळलेले लाकूड पुन्हा ओले होईल, ही भीती बऱ्याच अंशी अनाठायी आहे. लाकूड भोवतालच्या हवेशी जुळवून घेते: 20 अंश सेल्सिअस तापमानाला हवेची सापेक्ष आर्द्रता 65 टक्के असेल तर त्यातील पाणी कोरड्या लाकडाच्या वजनाच्या 12 टक्क्यांच्या आसपास स्थिरावते, आर्द्रता 80 टक्के झाली तर 16 टक्क्यांच्या आसपास, आणि 90 टक्क्यांच्या हवेतही ते साधारण 20 टक्क्यांवर थांबते. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला याहून बरेच जास्त पाणी लागते. दमट हवा वाहती असेल तर लाकडाचे फारसे बिघडत नाही. हवा कोंडली आणि थेट पाणी लागत राहिले की ते बिघडते.

फोडण्याचे काम आधी

साठवणीची तयारी कुऱ्हाडीपासून सुरू होते. झाडात पाणी मुळांकडून शेंड्याकडे ज्या तंतूंतून चढते त्याच वाटेने ते बाहेरही पडते, म्हणून कापलेल्या टोकांतून लाकूड बाजूंच्या मानाने कित्येक पट वेगाने वाळते. सालीतून मात्र पाणी जवळजवळ बाहेर पडत नाही. सालीसकट ठेवलेला लांब, जाड ओंडका दोन वर्षांनीही आतून ओला सापडतो तो यामुळेच. चुलीच्या किंवा भट्टीच्या तोंडापेक्षा पाचएक सेंटिमीटर आखूड तुकडे करावेत आणि ते 8 ते 15 सेंटिमीटर जाडीपर्यंत फोडून घ्यावेत. मनगटाएवढ्या फांद्याही मधोमध एकदा उभ्या चिराव्यात, कारण एका बाजूची साल फुटली तरी पाण्याला वाट मिळते. ओले लाकूड बहुधा वाळलेल्यापेक्षा सहज फुटते, तेव्हा हे काम पुढे ढकलण्यात काहीच फायदा नाही. कोरड्या हंगामाच्या सुरुवातीलाच लाकूड फोडून रचले तर ऊन-वाऱ्याचे सगळे महिने पदरात पडतात. हलक्या, मऊ लाकडाला चांगल्या हवेत साधारण सहा महिने पुरतात. जड आणि कठीण लाकडाला एक वर्ष, जाड तुकड्यांना दोन वर्षेही लागू शकतात.

जागा आणि बैठक

जागा उघडी, थोडी उंचावरची आणि वाऱ्याच्या वाटेवरची असावी. ऊन मिळाले तर उत्तमच, पण ऊन आणि वारा यांतून एकच निवडायचे झाले तर वारा निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. झाडाखालची सावली सोयीची वाटते, परंतु तेथे पाऊस थांबल्यावरही बराच वेळ पाणी ठिबकते आणि पडलेला पालापाचोळा थप्पीच्या फटी बुजवतो. घराच्या भिंतीला लाकडे टेकवून ठेवण्याची सवय तर सोडलीच पाहिजे. भिंत आणि थप्पी दोन्ही एकमेकींची ओल धरतात, वाळवीला घरात शिरायला आडोसा मिळतो आणि वळचणीच्या पागोळ्या नेमक्या लाकडांवर पडतात. भिंतीलगतच ठेवणे भाग असेल तर किमान एक वीत मोकळी सोडावी आणि तेथे थोड्या दिवसांपुरतेच सरपण असावे. मोठा साठा घरापासून लांब हवा, आणि जेथे वणव्याचा धोका आहे तेथे हे अंतर निदान 10 मीटर ठेवावे.

जमिनीला टेकलेले लाकूड वाळत नाही. सर्वांत खालचा थर मातीपासून 10 ते 15 सेंटिमीटर उचललेला असावा आणि त्याखालून हवा आरपार जायला हवी. यासाठी सपाट, घट्ट दगड चांगले. विटा वापरायच्या असतील तर त्या स्वतः पाणी शोषून वर चढवतात हे ध्यानात ठेवावे. विटेवर जाड प्लॅस्टिकचा तुकडा किंवा पत्र्याची पट्टी ठेवून मग आडवी वासे-फळी टाकली की ही चढणारी ओल तुटते. सिमेंटच्या फरशीवरही लाकडे थेट रचू नयेत, कारण तिच्यातून येणारी ओल डोळ्यांना दिसत नसली तरी खालचा थर नासवते. माल वाहण्याच्या लाकडी पॅलेट सहज मिळत असतील तर त्यांच्याइतकी आयती बैठक दुसरी नाही, फक्त त्या तुटक्या किंवा रसायनाचा वास येणाऱ्या नसाव्यात. खालचे गवत आधी काढावे आणि माती पाणी धरणारी असेल तर खडीचा थर पसरावा. जमिनीवर नुसते प्लॅस्टिक अंथरणे घातक ठरते, कारण आत आलेल्या पाण्याला मग निघायला वाटच उरत नाही.

थप्पी

नुसत्या ढिगात मधली लाकडे वर्षभर ओली राहतात, म्हणून ती ओळीने रचलीच पाहिजेत. एका लाकडाच्या लांबीएवढी रुंद, एकेरी थप्पी सर्वांत लवकर वाळते, कारण प्रत्येक तुकड्याची दोन्ही टोके उघड्यावर राहतात. ही टोके वाऱ्याच्या दिशेकडे करावीत. जागेअभावी दोन-तीन ओळी एकामागे एक लावाव्या लागल्या तर त्यांच्यामध्ये हात जाईल एवढी तरी फट ठेवावी. रचताना तुकडे एकमेकांत घट्ट बसवण्याचा मोह होतो, पण वाकडेतिकडे तुकडे मुद्दाम मिसळले तर वाऱ्याला वाट राहते.

थप्पीच्या दोन्ही टोकांना एक थर आडवा, एक थर उभा असे चौकोनी बुरूज रचले की खांबांची गरज पडत नाही. या बुरुजांसाठी सरळ आणि एकसारखे तुकडे आधीच बाजूला काढावेत. उंची छातीच्या वर, म्हणजे सव्वा मीटरच्या फार पुढे जाऊ देऊ नये. लाकूड वाळताना आकसते आणि थप्पी बसत जाते. एका अंगाला ऊन अधिक असेल तर ती बाजू आधी आकसते आणि थप्पी तिकडे कलू लागते. दर काही आठवड्यांनी नजर टाकून कललेली बाजू सावरावी, विशेषतः जेथे मुले खेळतात तेथे यात हयगय नको. साल वर ठेवावी की खाली, यावर वाद घालणारे पुष्कळ आहेत. वर छप्पर असेल तर साल कशीही चालते. छप्पर नसेल तर निदान सर्वांत वरच्या थराची साल आकाशाकडे करावी, म्हणजे पाणी तिच्यावरून निथळते.

आच्छादन

आच्छादन फक्त माथ्यावर असावे आणि चारही बाजू उघड्या राहाव्यात. कडा माथ्यापासून खाली वीतभर आल्या की पुरे. ताडपत्री जमिनीपर्यंत ओढलेली असेल तर दिवसा लाकडातून निघालेली वाफ आत साचते आणि रात्री ताडपत्री थंड पडली की तिच्या आतल्या अंगावर दव धरते. पहाटे अशा ताडपत्रीच्या पोटाकडून हात फिरवला तर तळवा ओला होतो. हे थेंब वरच्या लाकडांवर पडतात, दिवसा पुन्हा वाफ होते आणि तेच पाणी रोज आतल्या आत फिरत राहते.

याच कारणाने ताडपत्री लाकडांवर चिकटून बसू देऊ नये. थप्पीच्या माथ्यावर लांबीच्या दिशेने एक वासा थोडा उचलून ठेवला आणि त्यावरून ताडपत्री टाकली की दोन्हीकडे उतार मिळतो आणि खाली हवा खेळायला जागा राहते. दुसरा मार्ग म्हणजे मागची बाजू पुढच्यापेक्षा 15 ते 20 सेंटिमीटर उंच रचणे. उतार नसलेल्या ताडपत्रीवर पाण्याची डबकी साचतात, त्यांच्या वजनाने ती ताणते आणि नेमकी तेथेच फाटते. ती खिळ्यांनी ठोकू नये. कडांच्या कड्यांत दोर ओवून त्याला दोन्ही बाजूंना दगड लोंबते ठेवावेत, म्हणजे वारा आला तरी ती ताठ राहते आणि लाकडे काढताना एक बाजू सहज उचलता येते. स्वस्त प्लॅस्टिक उन्हाने लवकर चिरते आणि सुईएवढ्या भोकांतून पाणी झिरपू लागते. असे गळके आच्छादन दुपदरी करण्यापेक्षा सरळ बदलावे.

मला स्वतःला ताडपत्रीपेक्षा पत्रा अधिक भरवशाचा वाटतो. तो उताराने ठेवता येतो, लाकडांना चिकटत नाही आणि उन्हात तापून खालची हवा हलती ठेवतो. पुढे-मागे किमान 30 सेंटिमीटर बाहेर येईल एवढा पत्रा घ्यावा, म्हणजे पागोळ्या थप्पीपासून दूर पडतील. तो जड दगडांनी दाबून शिवाय दोराने बांधावा, कारण वादळात उडालेला पत्रा जिवावर बेतू शकतो. त्याच्या धारदार कडाही वाकवून बोथट कराव्यात. दरवर्षी सरपण लागत असेल तर चार खांबांची कायमची शेड बांधणे हिताचे. तिचे पाखे चांगले बाहेर काढावेत आणि पुढची बाजू पूर्ण उघडी ठेवावी. ज्या बाजूने पावसाची झड येते तेथे बंद भिंत घालू नये. फळ्या दोन-तीन सेंटिमीटरच्या फटी ठेवून ठोकल्या की झड बरीच अडते आणि वारा आत येत राहतो.

एखाद्या पावसात वाळलेली थप्पी भिजली तर घाबरून तिला गुंडाळू नये. वाळलेल्या लाकडात पावसाचे पाणी पृष्ठभागापुरतेच मुरते आणि उघडीप मिळताच काही दिवसांत निघून जाते, पण ओले असतानाच झाकले तर तेच पाणी आत शिरते.

वापर आणि तपासणी

जुने आणि नवे सरपण एका थप्पीत मिसळू नये. प्रत्येक थप्पीच्या टोकाच्या लाकडावर खडूने महिना लिहावा आणि जुनी थप्पी आधी संपवावी. घरात तीन-चार दिवसांपुरतीच लाकडे आणावीत, म्हणजे सालीखालचे किडे आणि बुरशीची धूळ घरात पसरत नाही. किडींसाठी सरपणावर कीटकनाशक फवारणे अतिशय चुकीचे आहे, कारण ते जळताना विषारी धूर होऊन घरातच येते. चुलीवर किंवा भट्टीला टेकवून लाकडे वाळवणेही टाळावे; त्यातून आगी लागतात.

लाकूड वाळले की नाही हे वरून पाहून नेमके कळत नाही. टोकांवरच्या भेगा, सुटलेली साल आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटल्यावर येणारा खणखणीत आवाज ही चांगली लक्षणे आहेत. ओले लाकूड बद्द वाजते. आर्द्रतामापक वापरत असाल तर तुकडा तेव्हाच फोडून त्याच्या आतल्या ताज्या अंगावर, मधोमध सुया टोचाव्यात, कारण बाहेरचा आकडा बहुधा कमी येतो. हे यंत्र पाण्याचे प्रमाण कोरड्या लाकडाच्या वजनाशी ताडून सांगते, म्हणून तेथे 25 दिसले तर एकूण वजनाच्या हिशेबाने ते 20 टक्के असते. यंत्र नसेल तर थप्पीच्या मधल्या भागातील तीन-चार तुकड्यांवर खूण करून त्यांचे वजन त्यांच्यावरच लिहून ठेवावे आणि दर दोन आठवड्यांनी ते पुन्हा तोलावेत. कोरड्या हवेतही सलग दोन-तीन वेळा वजन तेवढेच भरले की ती थप्पी जाळायला काढावी.