घरकुलाची तयारी : माळवद पाडायची घाई नको

सरकारी योजनेतलं घरकुल मंजूर झाल्याचा फोन आला आणि आमच्या आत्यानं कुदळ बाहेर काढली. दोन खणांचं माळवद, म्हणजे वर मातीचं सपाट छत असलेलं घर. दर उन्हाळ्यात वर पांढरी माती टाकून टाकून छत इतकं जड झालं होतं की मधली तुळई वाकली होती, तिला बाभळीच्या खांडाचा टेकू दिला होता. पाडायचं तर होतंच. "पाडू दे की रे, आता पैसे येणार म्हणतेत ना," असं तिचं म्हणणं. तिला थांबवलं ते एका फोटोसाठी. लाभार्थी जुन्या घरापुढं उभा आहे, असा जिओटॅग केलेला फोटो ग्रामपंचायतीच्या माणसानं मोबाइलवरून अपलोड करावा लागतो, आणि नवं घर जिथं होणार त्या जागेचाही वेगळा. फोटोआधीच घर पाडलं, तर तिथं कच्चं घर होतं हे सांगायला उरतो फक्त मातीचा ढिगारा. म्हणून पहिली गोष्ट हीच. दोन्ही फोटो झाले का, हे विचारल्याशिवाय भिंतीला हात लावू नका.

पण मंजुरी ही बरीच पुढची पायरी. तुमचं अजून तिथवर आलं नसेल तर आधी ग्रामपंचायतीत जाऊन आपलं नाव कोणत्या यादीत आहे ते डोळ्यांनी बघा. "तुमचं नाव आहे, काळजी करू नका" एवढ्यावर परत फिरू नका. प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीण 2016 साली सुरू झाली ती 2011 च्या सामाजिक-आर्थिक जातगणनेच्या यादीवर. त्यातून सुटलेल्यांसाठी 2018 ला आवास प्लसचं सर्वेक्षण झालं, त्यातून झालेल्या यादीलाच आपल्याकडं 'ड यादी' म्हणतात. पुढं आवास प्लस 2024 चं सर्वेक्षण आलं, चेहरा दाखवून करायचं. यादी कोणती, त्यात आपला क्रमांक कितवा, आणि नावापुढं 'अपात्र' असा शेरा पडलाय का, या तीन गोष्टी वहीत लिहून घ्या. अपात्र का ठरवलं तेही विचारा. दुचाकी आणि फ्रिजमुळं पूर्वी नावं उडायची, ती अट आता नाही. महिन्याच्या कमाईची मर्यादाही 10,000 वरून 15,000 झाली आहे. तीनचाकी-चारचाकी, घरात सरकारी नोकर, 50,000 किंवा त्याहून जास्त मर्यादेचं किसान क्रेडिट कार्ड, अडीच एकर किंवा जास्त बागायत, पाच एकर किंवा जास्त जिरायत, हे मात्र अजून नडतं. शेरा चुकीचा असेल तर ग्रामसभेत उठून बोला आणि ते इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. तोंडी तक्रार ग्रामपंचायतीच्या पायरीवरच राहते.

केंद्राच्या यादीत नाव नसलं म्हणजे सगळं संपलं असं नाही. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी, विमुक्त-भटक्यांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत, आणि इतर मागासवर्गीयांसाठी 2023 ला तीन वर्षांपुरती आणलेली मोदी आवास अशा राज्याच्या वेगळ्या योजना आहेत. तिथं जातीचा दाखला आणि तहसीलचा उत्पन्नाचा दाखला लागतो. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत बघून घ्या, मार्चनंतर जुना दाखला हातात धरून कुणी उभं करत नाही.

आता नावाचा घोळ. माझ्या मते अर्धी घरकुलं इथंच अडतात. आत्याचं आधारवर एक नाव, बँकेत माहेरचं, रोजगार हमीच्या जॉबकार्डावर नुसतं 'बाई' लावलेलं तिसरंच. जागेच्या उताऱ्यावर तर आत्याच्या नवऱ्याच्याही आधीचं, त्यांच्या वडिलांचं नाव. चारही कागद खरे आणि चार वेगळी माणसं! यातला कोणता कागद आधी दुरुस्त करायचा याला क्रम आहे. आधी आधार, मग त्याप्रमाणं बँक, मग जॉबकार्ड. उलटं केलं की सगळं दोनदा करावं लागतं, आम्ही केलं. बँकेत नुसतं आधार 'जोडलंय' हे पुरत नाही. पैसे थेट खात्यात येण्यासाठी ते खातं आधारला 'सीड' झालेलं (पैसे घ्यायचं खातं म्हणून आधारशी नोंदलेलं) लागतं, आणि दोन बँकांत खाती असतील तर पैसे शेवटी सीड केलेल्या खात्यात जातात. आत्याचा एक हप्ता तसाच महिनाभर तिच्या एका विसरलेल्या खात्यात पडून होता आणि आम्ही पंचायत समितीत भांडत होतो.

घरकुल बाईच्या किंवा नवरा-बायको दोघांच्या नावानं मंजूर करायचं, असा नियम आहे. विधवा, अविवाहित किंवा वेगळं राहणाऱ्या माणसाची गोष्ट निराळी. घरातले पुरुष इथं कुरकुरतात. कुरकुरू द्या.

जागेला मात्र वेळ द्या. गावठाणात घर असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना आठचा, म्हणजे घराच्या नोंदीचा उतारा, ड्रोन मोजणी झालेल्या गावात मिळकत पत्रिका. उताऱ्यावर सासऱ्यांचं नाव असेल तर वारस नोंद करून घ्या, आणि दीर-भावजयांची संमती शंभराच्या नव्हे, आता पाचशेच्या मुद्रांकावर घ्यावी लागेल असं कुणी सांगितलं तर आधी पंचायत समितीत विचारून या, त्यांना नेमका कोणत्या नमुन्यात कागद हवा ते. संमती मागायला दिवाळीत जा, सगळे भाऊ गावात असतात. आमची एक सही पुण्यात अडकली होती, ती आणायला जाण्या-येण्याचा जो खर्च झाला त्यात दोन गोण्या सिमेंट आलं असतं. जागाच नसेल तर पंडित दीनदयाल उपाध्याय जागा खरेदी योजनेतून 500 चौरस फुटांपर्यंतची जागा घ्यायला मदत मिळते. ती आधी 50,000 होती, 2024 ला 1 लाख केली. गायरानावर राहत असाल तर अतिक्रमण नियमित झाल्याचा कागद हातात येईपर्यंत पाया खोदू नका.

पैशाचा हिशेब कागदावर मांडा, आणि तो घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. सपाट भागात घराचे 1,20,000, डोंगराळ आणि दुर्गम भागात 1,30,000. शौचालयाचे 12,000 वेगळे. रोजगार हमीतून स्वतःच्याच घरावरची 90 दिवसांची मजुरी, 2025-26 च्या 312 रुपये दरानं 28,080. म्हणजे सपाटीला 1,60,080. प्रधानमंत्री आवासच्या दुसऱ्या टप्प्यातल्या घरकुलांना राज्यानं 2025 ला 50,000 ची भर घातली, त्यातले 35,000 बांधकामाला आणि 15,000 छतावरच्या सौर पॅनलला. मजुरीचे पैसे आपोआप येत नाहीत. जॉबकार्ड चालू हवं आणि काम सुरू असताना मस्टर, म्हणजे मजुरीचं हजेरीपत्रक, निघायला हवं. घर बांधून झाल्यावर मस्टर मागायला गेलात तर हसतील. प्रत्येक टप्प्याला रोजगार सेवकाच्या मागं लागा.

सगळ्यात जास्त फसगत हप्त्यांच्या क्रमात होते. पहिला हप्ता हातात येतो तो 15,000 चा. त्यात जोत्यापर्यंत यायचं असतं, कारण पुढचा हप्ता जोत्याचा फोटो चढल्यावर, त्यानंतरचा भिंती छज्ज्यापर्यंत गेल्यावर. म्हणजे जोत्यापर्यंतचा उरलेला खर्च तुमच्या खिशातून. आमच्याकडं काळी माती. पाऊस पडला की फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर टेकवलेली भिंत तीन वर्षांत तडकते. म्हणून मुरूम लागेपर्यंत खोदायचं. तो कुणाला तीन फुटांवर लागतो, आत्याला साडेपाच फुटांवर लागला. पहिला हप्ता खड्ड्यातच गेला, अक्षरशः. त्यामुळं अर्ज केल्यापासूनच पायापुरते पैसे बाजूला पडायला हवेत. बचत गटाचं कर्ज असेल तर उत्तम. सावकाराकडून घेतलेले पैसे घरकुलाच्या हप्त्यानं फिटत नाहीत, हप्ते उशिरा येतात आणि व्याज वेळेवर येतं.

आणि घर लहान बांधा. हे सांगितलं की लोकांना राग येतो. नियमानं कमीत कमी 25 चौरस मीटर, म्हणजे स्वयंपाकाच्या जागेसह 269 चौरस फूट. लोक म्हणतात, बांधतोयच तर 500 चं बांधू, पोरांच्या लग्नात उपयोगी पडेल. मग छज्ज्याला काम थांबतं आणि उघड्या भिंतींवर दोन पावसाळे पडतात. आमच्याच गल्लीत अशी तीन आहेत, एकात शेळ्या बांधलेल्या असतात. पुढं वाढवायचं असेल तर एका बाजूला कॉलमच्या सळया बाहेर ठेवा, त्यांना सिमेंटचा लेप द्या, बास.

मंजुरीपासून 12 महिन्यांत घर पुरं करायचं असतं, पण खरी मुदत पावसाची. दिवाळीनंतर पाया, संक्रांतीपर्यंत जोतं, होळीला छत. बांधकामावर पाणी मारायचं ते मार्चअखेरपर्यंत मारून घ्या, एप्रिलात आमच्याकडं प्यायलाच टँकर असतो. 2025 च्या फेब्रुवारीत राज्यात एका दमात 20 लाख घरकुलांना मंजुरीची पत्रं दिली गेली, त्यामुळं गावोगाव एकाच वेळी पाये खोदले गेले आणि गवंडी मिळेना. गवंड्याला तोंडी नाही, उचल देऊन बांधून घ्या. वाळू 5 ब्रासपर्यंत मोफत, पण वाहतूक तुमची, आणि पासवर जी तारीख त्याच तारखेला गाडी. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. गाडी रिकामी व्हायच्या आत टेप लावून बघा. सहा महिने राहणार कुठं, तेही आधी ठरवा. आत्यानं जुन्या माळवदाचीच लाकडं आणि उसने पत्रे घेऊन मागच्या अंगाला शेड केलं. म्हैस कुठं बांधायची, यावर जास्त चर्चा झाली.

ज्यांचं घर पाडण्याजोगं नाही, नुसतं छत गळतं, त्यांनी घरकुलाच्या रांगेत वर्षं घालवू नयेत. घरकुल नव्या बांधकामासाठी आहे. ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांवर आणि 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, त्यातून दुरुस्तीला काही मिळतं का ते विचारा. काही जिल्हा परिषदा आपल्या सेसमधून, म्हणजे स्वतःच्या निधीतून, घरदुरुस्तीला मदत देतात, त्याची जाहिरात निघाली की पंधरा दिवसांत मुदत संपते, म्हणून समाजकल्याणच्या खिडकीवर अधूनमधून चक्कर हवी. अतिवृष्टीनं भिंत पडली तर तिथंही पडझडीचा पंचनामा होईपर्यंत माती हलवू नका, आणि फोटो स्वतःही काढून ठेवा. नुकसान निदान 15 टक्के असेल तर पक्क्या घराला 6,500 आणि कच्च्याला 4,000 मिळतात. एवढ्यात पत्रेही पुरे होत नाहीत, पण पूर्ण पडलेल्या घराचे 1,20,000 मिळायचे तर तोच पंचनामा लागतो. तेव्हा 'अंशतः' लिहिलंय की 'पूर्ण', ते सही करण्याआधी वाचा.

फोटो काढायला, फाइल पुढं सरकवायला पैसे मागणारा कुणीतरी भेटेलच. आम्हालाही भेटला. त्याला 'पावती द्या, देतो' एवढं म्हटलं आणि पुढच्या वेळी आत्याबरोबर बचत गटाच्या चौघी गेल्या. त्या दिवशी फोटो झाला.

छत पडलं, शौचालयाचं दार बसलं, रंग झाला, शेवटचा फोटो चढला, की बहुतेक लोक ग्रामपंचायतीची पायरी सोडतात. एक काम उरलेलं असतं. नमुना आठला घराचं वर्णन अजून 'दगड-माती, माळवद' असंच असतं आणि कदाचित नावही जुनंच. त्यावर नवं बांधकाम, नवं क्षेत्रफळ आणि मालक म्हणून बाईचं नाव चढवून घ्या. घरपट्टी थोडी वाढेल. आत्याची 300 नी वाढली, ती भरायला ती स्वतः गेली.