डेस्कटॉप कॅनडात आणायचा असेल तर

पीआर, म्हणजे कॅनडात कायम राहण्याची परवानगी, हातात आला की मला पहिला फोन गरम कपड्यांबद्दल येतो, दुसरा मसाल्यांबद्दल. ज्यांच्या घरी गेमिंगचा किंवा रेंडरिंगचा पीसी आहे त्यांचा तिसरा फोनही ठरलेला: "ताई, पीसी आणू का विकून टाकू?"

मी सांगते, अख्खा डबा आणू नका. कॅबिनेट, मॉनिटर आणि यूपीएस तिकडेच विका. ग्राफिक्स कार्ड, मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि डिस्क आणा. वजन थोडं आणि किंमत जास्त, अशाच गोष्टींना बॅगेत जागा द्यायची.

हे मी नुकसान सोसून शिकले. मी आर्किटेक्चरचं थ्रीडी काम करते. डोंबिवलीच्या घरी माझा पीसी होता, लॅमिंग्टन रोडला खेपा घालून एकेक पार्ट घेत दोन वर्षांत जमवलेला. जीव होता माझा त्याच्यावर. जानेवारीत मिसिसागाला आले तेव्हा तो जसाच्या तसा, चादरी आणि स्वेटरांत गुंडाळून मोठ्या बॅगेत घातला. इथल्या बेसमेंटमध्ये बॅग उभी केली तर आतून खुळखुळ आवाज. झाकण काढलं. ग्राफिक्स कार्ड स्लॉटमधून अर्धवट बाहेर लोंबत होतं, स्लॉटचं प्लॅस्टिक चिरलं होतं, आणि प्रोसेसरवरचा मोठा कूलर एका बाजूनं सुटून मदरबोर्डवर ओरखडे ओढत फिरला होता. कार्ड वाचलं, बोर्ड गेला. किलोभर वजनाचं कार्ड एका स्लॉटच्या आधारावर आडवं लटकलेलं असतं, ते टेबलावर ठीक. बॅग विमानतळाच्या सामानाच्या पट्ट्यावर आपटते तेव्हा तो सगळा भार त्या प्लॅस्टिकवर येतो.

म्हणून निघण्याआधी पीसी मोकळा करा. वायर काढण्यापूर्वी प्रत्येक जोडणीचा मोबाइलवर फोटो घ्या, समोरच्या बटणांच्या बारीक पिनांचा तर दोन बाजूंनी. स्क्रू छोट्या पिशवीत. कार्ड आणि बोर्डाचे मूळ खोके माळ्यावर असतील तर शोधा, त्यांच्याइतकं चांगलं पॅकिंग दुसरं नाही. नसतील तर आधी चंदेरी अँटिस्टॅटिक पिशवी आणि त्यावरून बबल रॅप. साधा बबल रॅप थेट बोर्डाला लावू नका, त्यात स्थिर वीज साठते.

उंच टॉवर कूलर उतरवलाच पाहिजे. प्रोसेसर एएमडीचा, एएम४ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) असेल तर घाई करू नका. त्याच्या पिना प्रोसेसरच्याच अंगाला असतात, आणि कूलर व प्रोसेसरच्या मध्ये उष्णता वाहून नेण्यासाठी लावलेली पेस्ट वाळल्यामुळे कूलरबरोबर प्रोसेसरही उपटून येतो. आधी पंधरा मिनिटं पीसी चालवून गरम करा, बंद करून प्लग काढा, मग कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. इंटेलच्या एलजीए सॉकेटमध्ये पिना बोर्डात असतात. तो प्रोसेसर जागेवरच राहू द्या. पेस्टची छोटी ट्यूब सोबत घ्या, इथे पुन्हा लावावी लागेल.

कार्ड आणि डिस्क केबिन बॅगेत. सिक्युरिटीला ट्रेमध्ये काढून ठेवावं लागतं, बिल जवळ असलं की समजावणं सोपं जातं. एक्स-रेनं हार्डडिस्कचं काही बिघडत नाही. स्क्रूड्रायव्हर मात्र चेक-इनमध्येच टाका. डेटाची दुसरी प्रत वेगळ्या बॅगेत, आणि लग्नाचे, मुलांचे फोटो असतील तर तिसरी प्रत आईवडिलांच्या घरी.

आता विजेचं. भारतात २३० व्होल्ट, इथे १२०. पॉवर सप्लाय आणायचा विचार असेल तर आधी त्याच्यावरचं लेबल वाचा. १००-२४० लिहिलं असेल तर फक्त इथली केबल घ्यायची, काम झालं. मागे लाल स्विच असेल तर तो ११५ वर सरकवायचा. पण भारतात विकल्या जाणाऱ्या काही स्वस्त सप्लायवर २००-२४० एवढंच असतं. तो इथे निरुपयोगी, उगाच किलो-दीड किलो वाहू नका. यूपीएस विकायला सांगते तेही म्हणूनच, त्याचं आउटपुट २३० व्होल्टचं आणि पोटात शिशाची बॅटरी. स्पीकर, प्रिंटर यांचीही लेबलं बघा. आणखी एक, बेसमेंटमध्ये भाड्यानं राहत असाल तर पीसी आणि १५०० वॉटचा हीटर एकाच लाइनवर लावू नका. घरातली साधी लाइन १५ अँपिअरची असते, ब्रेकर पडतो आणि सेव्ह न केलेलं काम जातं.

हिवाळ्यात आलात तर सामान घरात आल्या आल्या उघडायचा मोह आवरा. गारठलेल्या धातूवर उबदार खोलीतली वाफ पाणी होऊन बसते. पार्ट बंद पिशवीतच रात्रभर ठेवा, म्हणजे जो ओलावा धरेल तो पिशवीच्या बाहेरून. मग जोडायला बसाल तेव्हा दुसरी गोष्ट: हीटिंगमुळे हवा इतकी कोरडी होते की कार्पेटवरून चालून दाराच्या मुठीला हात लावला की ठिणगी बसते. डोंबिवलीच्या दमट हवेत असा अनुभव मला कधी आला नव्हता. रॅम उचलण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा, आणि जोडणी कार्पेटवर नको, लाकडी टेबलावर करा.

विमानतळावरच्या कस्टम्सबद्दल लोक फार घाबरतात. पीआर घेऊन पहिल्यांदा येताना सामानाची यादी द्यायची असते: वस्तू, कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर, किंमत. दोन प्रती करा. मागाहून येणारं सामान असेल तर त्याची यादीही त्याच दिवशी द्या, त्यासाठीचा फॉर्म बीएसएफ १८६. करमाफी हवी तर वस्तू तुमची असून येण्याआधी वापरलेली हवी. निघायच्या आठवड्यात नवं कार्ड घेऊन सीलबंद आणलंत तर ही सवलत लागू होत नाही. घ्यायचंच असेल तर महिना-दोन महिने आधी घ्या आणि वापरा. करमाफीनं आणलेली वस्तू वर्षाच्या आत विकली किंवा कुणाला दिली तर कर भरावा लागतो, हेही लक्षात ठेवा. स्टुडंट किंवा वर्क परमिटवाल्यांचे नियम वेगळे आहेत.

विंडोजचं लायसन्स निघण्याआधीच मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडून घ्या. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं फीचर) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून पासपोर्टच्या फाइलमध्ये ठेवा. आणि कृपा करून सगळ्या अकाउंटचा ओटीपी कुठल्या नंबरवर येतो ते तपासा. भारतातलं सिम रिचार्जअभावी बंद पडलं की ईमेल, बँक, लायसन्स सगळं एकदम अडतं. रोमिंगसह ते चालू ठेवा, किंवा ईमेलला ऑथेंटिकेटर ॲप (सिमशिवाय फोनवरच कोड देणारं) लावून मगच विमानात बसा.

इथे उतरल्यावर लगेच कॅबिनेट घेऊ नका. पहिले काही आठवडे तात्पुरत्या जागेत जातात, रेझ्युमे आणि इंटरव्ह्यूला लॅपटॉप पुरतो. पक्कं घर मिळालं की किजिजी या जुन्या वस्तूंच्या जाहिरातींच्या साइटवर वापरलेलं कॅबिनेट आणि मॉनिटर बघा. नवीन घेणार असाल तर दुकानातल्या किमतीवर ओंटारिओत १३ टक्के कर वेगळा लागतो, तो धरूनच हिशोब करा. आणि जोडायला बसाल त्या दिवशी मला फोन करा. बोर्डाच्या त्या बारीक पिना एकट्यानं लावायला चार हात लागतात, माझ्याकडे टॉर्चपण आहे.